वाचकांचे प्रश्न : खानदेशातले मिशनरी आणि इंग्रज सरकार

प्रश्न : आमच्याकडे मिशनचा विषय निघाला की एक बाजू म्हणते, मिशनरी म्हणजे इंग्रज सरकारचे हस्तक, दुसरी म्हणते, शाळा-दवाखाने त्यांनीच आणले, सरकारशी त्यांचे देणेघेणे नव्हते. मिशनच्या शाळेत शिकलेले माझे आजोबा मात्र सांगत की आमचे साहेब इंग्रज नव्हतेच, स्वीडनचे होते. खरे काय समजावे?
— एक वाचक, तालुका नवापूर

उत्तर : आजोबांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. पश्चिम खानदेशाच्या आदिवासी पट्ट्यात आलेले मिशनरी प्रामुख्याने अमेरिकेतले आणि स्वीडनमधले होते. तुमच्या भागात काम करणारी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन ही संस्था फ्रेडरिक फ्रान्सन या मूळच्या स्वीडिश प्रचारकाने १८९० मध्ये शिकागो येथे काढली. पुढे ती 'टीम' या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय तिच्याच कामातून उभे राहिले.

आता सनावळी पाहा. पेशवाई बुडाली आणि १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा इथला कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. सातपुड्यातल्या भिल्लांना कधी माफी, कधी तगाई तर कधी बंदूक दाखवून कह्यात आणण्याचे काम त्याने आणि त्याच्यानंतरच्या अधिकाऱ्यांनी केले, आणि १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रम याने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारली. या साऱ्या उलाढालीत मिशनऱ्याचा हात नव्हता; नवापूरकडे मिशन स्थिरावले ते विसाव्या शतकात, म्हणजे सत्तेची घडी केव्हाच बसून गेल्यावर. राज्य आणण्यासाठी मिशनरी पुढे पाठवले गेले, हे म्हणणे निदान खानदेशापुरते तरी टिकत नाही.

कंपनी सरकार तर मिशनऱ्यांना वचकूनच असे. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांचा उठाव झाल्यापासून धर्माला हात लावला तर राज्य जाईल, ही धास्ती तिच्या मनात बसली होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना स्वागताऐवजी देश सोडण्याचा हुकूम मिळाला. एक तर धर्मप्रचारक, त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू. त्याच वर्षी पार्लमेंटने सनदेत मिशनऱ्यांना वाट करून दिली, तीही कंपनीच्या मर्जीविरुद्ध.

तरीही 'सरकारशी संबंध नव्हता' हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला त्याहून कच्चे वाटते. इंग्रजी अमलाचे छप्पर डोक्यावर नसते तर शिकागोचा माणूस नवापुरात बंगला बांधून निर्धास्त राहिलाच नसता. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले, त्याचा लाभ मिशनच्या शाळांनी भरपूर घेतला. पहिल्या महायुद्धानंतर तर ब्रिटिशेतर मिशनऱ्यांकडून सरकारशी निष्ठेने वागण्याची हमी लिहून घेतली जाऊ लागली. ती हमी शोभेची नव्हती : गांधीजींच्या चळवळीला सहानुभूती दाखवणाऱ्या राल्फ कीथान या अमेरिकन मिशनऱ्याला १९३० मध्ये हिंदुस्थान सोडावा लागला. साहेब स्वीडनचा असला तरी तो राज्यकर्त्यांविरुद्ध बोलणार नाही, याचा बंदोबस्त असा आधीच झालेला होता.

आणखी एक गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचे झाले, त्याच वर्षीच्या अबकारी कायद्याने मोहाची दारू ठेकेदाराच्या हाती गेली, आणि उरलेसुरले सावकाराच्या वहीत अडकले. ही नाडणूक साम्राज्याने केली. नाडलेल्याला औषध आणि अक्षर द्यायला मिशन आले, पण मूळ कायद्याविरुद्ध उभे राहिले नाही. दारूबंदीचे श्रेयही सरसकट मिशनला देता येत नाही. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेतून खानदेशापर्यंत पसरलेली देवीची चळवळ आणि १९३८ मध्ये तळोद्याकडे गुला महाराजांनी चालवलेला आप धर्म यांनी हजारो आदिवासींची दारू सोडवली, आणि त्यासाठी कोणालाही बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही.

प्रश्न : आमचे पाळकसाहेब संध्याकाळी सातच्या आत लग्न लागलेच पाहिजे, असा हट्ट धरतात. हा बायबलचा नियम आहे का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : बायबलचा नाही, इंग्रजांचा आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या दहाव्या कलमानुसार लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लावावे लागते. त्यातून सवलत आहे ती चर्च ऑफ इंग्लंड, रोमन कॅथलिक आणि चर्च ऑफ स्कॉटलंड यांच्या धर्मगुरूंना. खानदेशातल्या स्वीडिश-अमेरिकन परंपरेच्या मंडळ्या त्या यादीत नाहीत. साम्राज्याच्या दरबारात कोणत्या चर्चचा मान केवढा होता, ते या एका कलमात दिसते.

याच घराण्यातल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे असे, पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. ही विषमता, आणि इंग्लंडच्या न्यायालयाच्या तत्त्वांनी चालावे हे त्यातले कलम, संसदेने २००१ मध्ये काढून टाकले. लग्नाच्या वेळेचे कलम मात्र तसेच राहिले असून जाणूनबुजून ते मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शिक्षा लग्न लावणाऱ्याला आहे, वऱ्हाड्यांना नाही. म्हणून वऱ्हाड सुरतेहून गाडीने येणार असेल, तर लग्न दुपारचेच धरावे.