नजर कुठे गेली, ते आधी सांगावे

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

दिवे घाटातल्या तुझ्या छायाचित्रावर गटातील मंडळींनी दिलेले अभिप्राय तू जसेच्या तसे उतरवून पाठवलेस, हे फार बरे केलेस. डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन चढण चढणारी वारकरी स्त्री, तिच्या मागे दिंडीच्या पताका आणि उजव्या कडेला कुणा पुढाऱ्याचा स्वागतफलक, असा तो फोटो. एकाने तो क्रॉप करायला सांगितले, दुसऱ्याने कृष्णधवल करायला; तिसऱ्याने पार्श्वभूमी धूसर व्हावी म्हणून अ‍ॅपर्चर (भिंगातले उजेड आत घेणारे छिद्र) अधिक उघडे ठेवायला हवे होते असे बजावले, आणि उरलेले ‘अप्रतिम क्लिक’ एवढे लिहून मोकळे झाले. यांतल्या कुणाचे ऐकू, असे तू विचारतोस.

माझ्या मते उपाय एकाचाही करू नकोस, पण तक्रार मात्र तिघांचीही खरी मान. तिघांची तक्रार मुळात एकच आहे, ती कुणी लिहिली नाही इतकेच. नजर त्या स्त्रीच्या चेहऱ्यावर ठरत नाही, ती फलकाकडे ओढली जाते. क्रॉप केलेस तर फलकाबरोबर अर्ध्या पताकाही जातील आणि ती स्त्री दिंडीपासून तुटून एकटीच उभी राहील. कृष्णधवल केलेस तर फलकाचा भडक रंग जाईल, परंतु त्यावरचा पांढरा भाग तितकाच उजळ राहील, आणि तिचा चेहरा तर वृंदावनाच्या सावलीत आहे. एफ/८ ऐवजी एफ/२.८ वर, म्हणजे ते छिद्र अधिक उघडून, टिपला असतास, तर फलकावरची अक्षरे पुसली गेली असती, पण धूसर झालेला उजेड हा शेवटी उजेडच असतो आणि डोळा त्याच्याकडे धावतोच. खरा उपाय घाटात, तुझ्या पायांपाशी होता. दोन-तीन पावले उजवीकडे सरकून चौकट पुन्हा तिच्यावर धरली असतीस, तर फलक चौकटीबाहेर गेला असता आणि तिच्या मागे डोंगराचा ओला, गडद उतार उरला असता. ही गोष्ट त्या अभिप्रायांत कुठेच नाही, आणि तरीही त्या अभिप्रायांवाचून ती आपल्याला इतक्या नेमकेपणाने सापडली नसती.

म्हणून अभिप्राय घेताना पाहणाऱ्याचा अनुभव आणि त्याने सुचवलेला उपाय या दोन गोष्टी वेगळ्या काढायला शीक. आपली नजर कुठे गेली, याबाबत पाहणारा सहसा चुकत नाही, कारण त्याविषयी त्याच्याइतके जाणणारा दुसरा कोणी नसतो. ती तिकडे का गेली, हे सांगताना मात्र तो पुष्कळदा चुकतो, आणि त्यावर काय करावे हे सांगताना तर बहुतेक जण स्वतःच्या सवयीचेच औषध देतात. ज्याला कृष्णधवल आवडते त्याला प्रत्येक फोटो कृष्णधवल व्हावासा वाटतो. एकमेकांशी न बोललेल्या दोघातिघांनी चौकटीतल्या एकाच जागी बोट ठेवले, तर तिथे काहीतरी आहे असे समजावे; पण एका पाठोपाठ एक ‘सहमत’ लिहिणाऱ्यांची गणती यात करू नये.

आता द्यायच्या अभिप्रायाविषयी. फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर सदस्यांनी मते देऊन फोटो ठेवायचे की काढून टाकायचे हे ठरवणारा एक गट होता. विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९३२ साली फ्रान्समधील इएर येथे टिपलेले छायाचित्र २००६ च्या सुमारास तिथे कुणीतरी चढवले. वरून दिसणारा वळणदार जिना आणि खालच्या रस्त्यावरून सर्रकन निघून जाणारा सायकलस्वार, असे ते प्रसिद्ध चित्र. गटाने ते अस्पष्ट आहे वगैरे शेरे मारून नापास केले. हा किस्सा त्या मंडळींना हसण्यासाठी सांगितला जातो. मला ते हसणे थोडे अन्यायाचे वाटते. सायकलस्वार अस्पष्ट आहे हे त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. चुकले ते पुढे: ही अस्पष्टता चित्रात कोणते काम करते, हा प्रश्न न विचारताच त्यांनी निकाल दिला. जिना, कठडा आणि रस्ता हे सारे स्थिर व रेखीव आहे आणि त्यात एकटा तोच हलतो आहे, म्हणून तर ते चित्र जिवंत आहे. तू अभिप्राय लिहिशील तेव्हा हा मधला प्रश्न गाळू नकोस. आधी काय दिसले ते लिही, मग त्याने चित्राला मदत झाली की अडथळा झाला ते लिही, आणि उपाय सुचवायचाच असेल तर तो सगळ्यांत शेवटी, तोही विचारल्यासारखा.

तृतीयांशाच्या नियमाचा, म्हणजे मुख्य विषय मधोमध न ठेवता चौकटीच्या एक तृतीयांश अंतरावर ठेवावा या नियमाचा, दाखला देऊन कुणालाही झोडपू नकोस. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांच्या संदर्भात तो मांडला, तेव्हा छायाचित्रण जन्मालाही आले नव्हते. नियम उपयोगी आहे, पण ‘विषय मधोमध आहे’ हा दोष होत नाही. मधोमध असल्यामुळे काय बिघडले, ते सांगता आले तरच बोलावे. स्तुतीलाही हीच अट लागू आहे. ‘जबरदस्त’ म्हटल्याने समोरच्याला दोन घटका बरे वाटते, परंतु पुढच्या वेळी नेमके काय जपायचे हे त्याला कळत नाही. ‘वृंदावन सावरणाऱ्या बोटांवर पडलेला उजेड छान पकडला आहेस’ असे म्हटले तर ते कळते.

उजेड-अंधाराबद्दलच्या शेऱ्यांना एक छोटी पुस्ती जोडतो. अनेक जण फोटो मोबाईलवर, कधी उन्हात उभे राहून, तर कधी पडद्याचा प्रकाश अगदी कमी ठेवून पाहतात, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना फोटोतले बारकावे दबतात. ‘फार काळोखा आहे’ असे कुणी म्हटले तर वाद न घालता हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत उजेड-अंधार किती आहे ते दाखवणारा आलेख, पाहा. पुष्कळदा दोष पडद्याचा निघतो, पण प्रत्येक वेळी तो पडद्यावर ढकलायची सवय मात्र लावून घेऊ नकोस.

ज्याचे स्वतःचे फोटो चांगले नाहीत त्याने इतरांच्या फोटोंवर बोलू नये, असे काही जाणते लोक म्हणतात. मला ते पटत नाही. आयुष्यात कॅमेरा हाती न धरलेली, पण अनेक वर्षे वारी केलेली एखादी आजी तुझा फोटो पाहून ‘हिचं लक्ष तुझ्याकडं गेलंय, वाटेकडं नाही’ एवढेच म्हणेल, आणि ते कोणत्याही तांत्रिक शेऱ्याहून मोलाचे असेल. तसेच, चंद्रभागेवर स्नान करणाऱ्या स्त्रियांचे किंवा घरट्यातल्या पिलांचे अगदी जवळून काढलेले फोटो समोर आले, तर रचनेची चर्चा सुरू करण्याआधी तो फोटो काढायला हवा होता का, हे स्पष्ट विचार. सगळे वाहवा करत असताना असे विचारणे जड जाते, तरीही विचार.

टीका आली की लगेच खुलासा लिहू नकोस. ‘गर्दी फार होती, सरकायला जागा नव्हती’ हे खरेच असेल, परंतु ती गर्दी फोटोत दिसत नाही आणि पाहणाऱ्याला फोटोपलीकडचे काही ठाऊक नसते. शिवाय तू खुलासा केलास की पुढचे लोक तुझी समजूत घालू लागतात आणि फोटोविषयी बोलणे थांबते. एक दिवस जाऊ दे. मग आभार मान आणि ज्याचे म्हणणे कळले नाही त्याला एकच प्रश्न विचार: ‘तुमची नजर आधी कुठे गेली?’

पुढच्या वेळी गटात फोटो ठेवताना ‘कसा वाटला?’ असे विचारू नकोस, त्याला ‘छान’ हेच उत्तर येते. तुला नेमकी शंका कशाची आहे ते लिही. आणि मला पाठवशील तेव्हा निवडलेला एकच फोटो न पाठवता त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चौकटीही पाठव. त्या स्त्रीजवळ तू किती वेळ थांबलास, कुठून कुठे सरकलास आणि फलक कधी चौकटीत शिरला, हे मला त्यांतूनच कळेल.

तुझा,
काका