घटपर्णीच्या फुलात रेघा दिसल्या, तर आधी भिंग घ्या, पंप नंतर

प्रश्न: सॅरासेनिया या प्रकारच्या घटपर्णीच्या (किडे पकडणाऱ्या झाडाच्या) कुंड्या आहेत. यंदा एका रोपाच्या लाल फुलात पिवळे पट्टे आले आणि दुसऱ्या रोपाच्या पिवळ्या फुलात लालसर रेघा. हा रोग आहे का? फवारणी कोणती घ्यावी? रोग नसेल, तर नवीन वाण म्हणून रोपे विकता येतील का?

उत्तर: आधी एक खात्री करून घ्या, की तुम्ही फुलाबद्दलच बोलताय. हसू नका, दर हंगामात निम्म्या तक्रारी सुरईबद्दलच्या असतात. किडे पकडणारी ती उभी नळी म्हणजे पान. तिच्या झाकणावरच्या लाल शिरा किंवा पांढरी जाळी हा त्या जातीचा स्वभाव आहे, त्याला औषध नाही. फूल वेगळ्या दांड्यावर येते आणि मान खाली घालून लोंबते. आत उलट्या छत्रीसारखा कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मादी भागाचा दांडा, असतो आणि छत्रीच्या काड्यांमधून पाच पाकळ्या खाली लोंबतात. पाकळ्या साधारण दोन आठवड्यांत गळतात, छत्री आणि बाहेरची निदले, म्हणजे कळीला झाकणारी दले, मात्र बराच काळ टिकतात. म्हणून तपासणी पाकळ्या ताज्या असतानाच करायची. गळायला आलेल्या पाकळीवरचे फिके डाग पाहून काहीच ठरवू नका.

आता लाल फुलातला पिवळा पट्टा. या वनस्पतीत लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि त्याच्या खाली पिवळा असतोच. लाल फुलांच्या जातींत अँथोसायनिन न बनणारी रोपे सापडतात, त्यांची फुले पिवळी आणि सुरया नुसत्या हिरव्या असतात. तेव्हा पाकळी वाढत असताना काही पेशींत लाल बनणे थांबले, तर तेवढ्या भागात पिवळे उघडे पडते. असा पट्टा देठापासून टोकाकडे सरळ जातो, कड चाकूने कापल्यासारखी असते आणि बोट फिरवले तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. बहुधा एखाद्याच पाकळीत किंवा फुलाच्या एका बाजूला तो दिसतो. हा पेशींतला बदल आहे, रोग नाही.

पिवळ्या फुलातल्या लालसर रेघांसाठी पहिला संशय संकराचा. सॅरासेनियाच्या सगळ्या जाती एकमेकींशी सहज जुळतात आणि संकरही प्रजननक्षम असतात. पिवळ्या फुलाची फ्लाव्हा आणि लाल फुलाची पर्पुरिया यांच्या संततीत गुलाबी, नारिंगी, मधल्याच छटा मिळतात. रोप बियांपासून आलेले असेल आणि बियांची आई जवळपास फुललेल्या दुसऱ्या जातींच्या सोबत असेल, तर बाप कोण हे मधमाशीलाच ठाऊक. संकराची खूण अशी, की त्या रोपाच्या प्रत्येक फुलात, दर वर्षी, तोच प्रकार दिसतो. एकाच वर्षी एकाच फुलात आला, तर संकर म्हणू नका.

फुलकिड्यांचे ओरखडे मात्र वेगळेच. पांढुरक्या, चंदेरी, तुटक रेघा, मध्ये काळे ठिपके म्हणजे किड्यांची विष्ठा, आणि कळी वाकडी. कोरा कागद धरून फूल हलकेच झटका. बारीक, लांबट, धावणारे किडे पडले की उत्तर मिळाले. मावाही कोवळ्या कळीवर बसतो. त्रास थोडा असेल, तर बाधित फुले काढून नष्ट करा. कीटकनाशक घ्यायचेच असेल, तर लेबलवर शोभिवंत झाडांसाठी शिफारस असलेलेच घ्या आणि आधी एका पानावर चाचणी घेऊन आठवडाभर थांबा. सुरईच्या तोंडात औषध ओतू नका.

विषाणूची शक्यता कमी, पण सोडून द्यावी अशी नाही. ट्युलिपच्या ज्या पट्टेदार फुलांनी सतराव्या शतकात हॉलंडमध्ये लोकांना वेड लावले, ते पट्टे विषाणूचेच होते. हे पट्टे ट्युलिपच्या एका कांद्यातून दुसऱ्या कांद्यात जातात, हे इंग्लंडमधल्या संशोधक डोरोथी केली यांनी १९२८ मध्ये दाखवले. फुलासोबत नव्या सुरयांवरही ठिगळासारखी फिकट नक्षी, मुरड किंवा खुंटलेपणा असेल, तर ते रोप बाजूला ठेवा, त्याची कात्री दुसऱ्या रोपाला लावू नका आणि प्रयोगशाळेत नमुना द्या. विषाणूवर फवारणी नसते. विषाणू पसरवणारा मावा आटोक्यात ठेवणे एवढेच आपल्या हातात.

खत घालून रंग सुधारेल, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. मुळाशी खत पडले की या झाडाची मुळे जळतात. पाणी पावसाचे किंवा आरओचे, भरपूर ऊन आणि हिवाळ्यात तीन-चार महिने विश्रांती, इतके नीट असेल तर सुरया आणि फुले आपोआप उजळतात.

विक्रीची घाई नको. पट्ट्याच्या फुलाचे बी पेरले, तर पट्टा उतरेलच असे नाही. रोप कायम राखायचे तर विश्रांतीच्या शेवटी गड्डा फोडून कोंबासह भाग वेगळा करा. आणि कोंब निवडतानाही लक्ष ठेवा: पट्टा एका बाजूच्या पेशींचाच असेल, तर दुसऱ्या बाजूच्या कोंबातून साधेच रोप येईल. किमान दोन हंगाम फुलांचे फोटो तारखेसह ठेवा. दोन्ही वर्षे, फोडलेल्या प्रत्येक रोपावर पट्टा आला, तरच नावाचा विचार करा. मांसाहारी वनस्पतींच्या वाणांची नोंदणी इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लँट सोसायटीकडे होते आणि तिथे वर्णन व छायाचित्र दोन्ही लागतात. तोवर कुंडीला नाव नको, नुसता क्रमांक लावा.