जास्वंदीवरचा पांढरा थर आणि आईचं तेल

प्रश्न (खानापूर तालुका): भेंडीच्या बांधावर गावठी लाल जास्वंदीची दहा-बारा झाडं आहेत. शेंड्यांवर कापसासारखं पांढरं बसलंय, पानं चिकट होऊन काळी पडलीत, कळ्या गळतात. फोटो पाठवलाय. दुकानदारानं औषधाची बाटली दिलीय. पण आई याच फुलांचं तेल करते, गणपतीलाही हीच लागतात. फवारू का?

उत्तर: नका फवारू, अण्णा. ती बाटली फुलांवर गेली की तेलात उतरणार आणि तेल आईच्या डोक्यावर.

पांढरं आहे तो पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि मागून गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि त्याच्याच लोभानं मुंग्या येतात. मुंग्या नुसत्या खायला येत नाहीत, ढेकणांची राखणही करतात. म्हणून आधी खोडाला टेकलेलं गवत काढा, मुंग्यांची वारुळं मोडा. गच्च भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. ते भेंडीत टाकू नका, भेंडी जास्वंदीच्याच कुळातली. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारा. मग एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्यानं पुन्हा.

मात्र तुमच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात जे लांबट, झिपऱ्यांचं पांढरं दिसतंय, ते ढेकूण नव्हे. ती क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची अळी. अंगावर तसंच मेण असतं, पण ढेकणापेक्षा मोठी आणि चपळ असते, आणि ढेकूणच खाते. 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून हा भुंगेरा आपल्याकडे आणला. तो फांदीवर असेल तर ती फांदी कापू नका, फवारूही नका. माणसं कीड समजून यालाच आधी चिरडतात!

कळीगळ नुसती किडीनं होत नाही. तांबड्या हलक्या मातीत आठवडाभर कोरडं आणि मग एकदम पाट सोडला, तरी कळी पिवळी पडते. पाणी थोडं थोडं द्या.

तेलासाठी फुलं सकाळीच तोडावीत, कारण जास्वंद संध्याकाळी मिटते. सावलीत कोमवून खोबरेल तेलात मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत तापवा. ओलावा राहिला तर तेल खवट होतं. पानं पाण्यात चुरली की जो बुळबुळीत चीक सुटतो, त्यानं केस छान धुतले जातात. टकलावर केस उगवतात, असं मात्र मी लिहून देणार नाही. पोटात घ्यायचं असेल, विशेषतः गरोदर बाईनं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दुसरा प्रश्न (निपाणी): दासवाळाचा (जास्वंदीचा) चहा विकतात तो याच फुलांचा का? आणि बी कुठं मिळेल?

उत्तर: बाजारातला आंबट लाल चहा बहुधा लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो, आपल्या पुंडीच्या भाजीचीच ती जात. शोभेच्या जास्वंदीला सहसा बी धरतच नाही. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी डोळ्याखाली (पान फुटतं त्या जागेखाली) तिरकी कापून ओल्या वाळूत लावा. वरची दोन पानं ठेवा, बाकी काढा.