‘तिथे माझ्या बरोबरीचं कुणी नाही’

‘ताई, मी सोलापुरात एका पतसंस्थेत अधिकारी आहे. व्यसनमुक्ती केंद्रात राहून दोन महिन्यांपूर्वी घरी आलो. दारू पूर्ण बंद आहे. डॉक्टर म्हणाले, आता ग्रुप धरा. म्हणून एका एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट) मीटिंगला गेलो. तिथे रिक्षावाले, यंत्रमागावरचे कामगार, एक निवृत्त मास्तर. वर आमचाच एक खातेदार समोर बसलेला! शेवटी प्रार्थना झाली, माझा देवावर विश्वास नाही. बायको म्हणते, सुटली ना एकदाची, मग मीटिंगा कशाला? माझ्यासारख्यासाठी योग्य ग्रुप कसा शोधू? – एक वाचक’

दादा,

दोन महिने कोरडे काढलेत, त्याबद्दल आधी शाबासकी. केंद्रात दारू मिळतच नव्हती. खरी परीक्षा ऑफिस सुटल्यावर घरी जायच्या रस्त्यावर असते, आणि ती तुम्ही देताय.

आता स्पष्टच बोलते. ‘माझ्या बरोबरीचे’ हा निकष डोक्यातून काढून टाका. एए 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी सुरू झालं ते दोघांमुळे, एक शेअर बाजारातला माणूस आणि दुसरा सर्जन. चांगले शिकलेसवरलेले होते, पण दारूपुढे दोघांची विद्या चालली नव्हती. तिथे बरोबरी हुद्द्याची बघत नाहीत, तलफेची बघतात. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला एखादा तेलुगूभाषक कामगार बोलता बोलता तेलुगूत शिरेल, चार वाक्यं तुम्हाला कळणार नाहीत. पण बायकोच्या पर्समधून पैसे काढतानाचं तो सांगायला लागला की मान खाली गेली नाही, तर मला कळवा.

मग योग्य ग्रुप ओळखायचा कसा? मी सर्वांत आधी वेळ बघेन. तुमची बाटली उघडायची वेळ कुठली होती? संध्याकाळी सात-साडेसात असेल, तर त्याच वेळेची मीटिंग धरा. रविवारी सकाळी ताजंतवानं होऊन ऐकलेलं सोमवारी संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही. मग माणसं बघा. सगळेच नवखे असतील तर एकमेकांना सांभाळणार कोण? काही वर्षं सोबर असलेले दोघं-चौघं हवेत, त्यांच्यातूनच पुढे तुमचा स्पॉन्सर, म्हणजे तुम्हाला वाट दाखवणारा जुना सभासद, मिळेल. आणि मीटिंग संपली की लगेच किक मारून निघू नका. बाहेर गाड्यांपाशी उभं राहून दहा-पंधरा मिनिटं गप्पा होतात, नंबर दिले-घेतले जातात. माझ्या मते निम्मा ग्रुप तिथे असतो. उद्या हैदराबाद रोडच्या ढाब्यावर स्टाफची पार्टी निघाली आणि कुणी ‘एवढ्या उन्हात थंड बिअर म्हणजे काय दारू आहे का?’ म्हणालं, तर लघवीच्या निमित्ताने उठून ज्याला फोन कराल, तो माणूस तिथे भेटतो. तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ बोलत राहणारं कुणीतरी हवं.

एएत फी नसते. थैली फिरते, त्यात ऐच्छिक काय ते टाका. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट. ‘हमखास सोडवतो’ म्हणत कुणी पैसे मागितले, किंवा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर मात्र तिथे पुन्हा जाऊ नका.

देवाचं म्हणाल, तर एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या बारा टप्प्यांमध्ये, देव आहे, पण ‘आपल्याला उमजेल तसा’. ग्रुपलाच ती शक्ती मानून चालणारे कितीतरी नास्तिक असतात. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहिलात तरी कुणी विचारत नाही.

राहिला खातेदार. नव्या पेठेत शिंकलं की सात रस्त्याला ऐकू येतं असं आपलं गाव, त्यामुळे तुमची धास्ती मला कळते. पण त्यानेही तुम्हाला पाहिलं, आणि तोही तुमच्याइतकाच धास्तावला असेल. मीटिंगमधलं मीटिंगमध्येच ठेवायचं हा एएचा शिरस्ता आहे. तो कायदा नाही, तरी बहुतेक जण तो पाळतात. तरीही अवघडायला होत असेल, तर दुसऱ्या भागातला ग्रुप बघा किंवा सुरुवातीला ऑनलाइन मीटिंगला बसा. एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. चार-पाच ठिकाणी जाऊन या. पहिल्या दिवशी ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं तरी चालतं.

आणि एक. कधी स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा प्यायलात, आणि पिणं पुन्हा रोजचं झालं, तर लाजेपोटी घरी खोली लावून दारू एकदम तोडू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. हात थरथरायला लागले की थेट सिव्हिल गाठा किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन करा. व्यसनमुक्तीसाठी सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइनही आहे.

वहिनींवर रागावू नका. इतकी वर्षं तुमची वाट बघत त्यांनी संध्याकाळी काढल्या, आता तुम्ही घरी असावं असं त्यांना वाटणारच. त्यांना एकदा ओपन मीटिंगला सोबत न्या, तिथे घरच्यांना येता येतं. त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन आहे, दारुड्यांच्या नातेवाइकांचा वेगळा ग्रुप. तुम्ही प्या, सोडा, पुन्हा प्या, त्यांना तिथे जाता येतं. जायचं की नाही हे मात्र त्यांना ठरवू द्या. तुम्ही फक्त पत्ता काढून द्या.

– ताई