जुना फोटो, पातळ प्लाय आणि गळून पडणारा चष्मा

प्रश्न : आजी-आजोबांचा स्टुडिओतला दोन बाय तीन इंचांचा फोटो स्क्रोल सॉवर (बारीक पात्याच्या करवतीच्या यंत्रावर) प्लायमध्ये कापायचा आहे. मोबाइलच्या ॲपने काळा-पांढरा केला तर डोळ्यांच्या जागी नुसते काळे डाग येतात आणि आजोबांची काळी टोपी मागच्या पडद्यात मिसळते. (वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या. दोन इंचांत १२०० पिक्सेल मिळतात, ए-४ आकाराच्या पॅटर्नला (लाकडावर चिकटवून कापायच्या नमुन्याला) तेवढे पुरतात. मोफत मिळणाऱ्या ‘गिंप’ या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आधी पडदा पुसून मागची बाजू पांढरीशुभ्र करा, म्हणजे टोपीची कड आपोआप सुटी होईल. रंग काढून टाका, २-३ पिक्सेल ब्लर (धूसरपणा) द्या (नाहीतर जुन्या कागदाचे दाणे ठिपके होऊन उमटतात) आणि मग थ्रेशोल्ड लावा, म्हणजे ठरवलेल्या आकड्याहून गडद ते काळं आणि फिकं ते पांढरं होतं. सगळ्या फोटोला एकच आकडा लावला की हमखास बिघडतं. लेयरच्या (चित्राच्या थराच्या) दोन प्रती करा. चेहऱ्याच्या प्रतीला आकडा कमी करत न्या, डोळ्यांच्या खोबणी उघडल्या की थांबा. कपड्यांना वेगळा आकडा लावा आणि दोन्ही प्रती जुळवा. नऊवारीच्या चार-पाच ठळक चुण्या पुरेत. दातांमध्ये रेघा मुळीच नकोत, माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो.

प्रश्न : आईचं चित्र कापून झालं आणि चष्म्याच्या काचांचा भाग, डोळ्यातला पांढरा ठिपका, सगळं गळून पडलं. हे आधी कसं ओळखावं? (वाचक, गुहागर)

उत्तर : पॅटर्नमधलं काळं म्हणजे भोक आणि पांढरं म्हणजे लाकूड. पांढऱ्याचा प्रत्येक तुकडा कुठून ना कुठून बाहेरच्या चौकटीला जोडलेला हवा. कागदावर हे नजरेतून निसटतं, म्हणून गिंपमध्येच तपासा. बकेट टूलने चौकटीच्या पांढऱ्या भागात लाल रंग ओता. जोडलेलं सगळं लाल होईल. जे पांढरंच राहील, ते पडणार. तिथे जोड द्या, म्हणजे लाकडाची बारीक पट्टी न कापता सोडा. ४ मिमी प्लायमध्ये जोड निदान २ मिमी रुंद ठेवा, त्याहून बारीक असेल तर पॉलिश पेपर मारतानाच तुटतो.

जोड कुठे द्यायचा, यात खरी कला आहे. चष्म्याची काळी फ्रेम नाकाशी आणि कानशिलाशी तोडा, काचेचा भाग तिथून चेहऱ्याला धरून राहील. डोळ्यातला ठिपका बाजूच्या पांढऱ्या भागाला जोडा. केसांतला भांग पांढरा ठेवला तर कपाळापासून वरपर्यंत आयता जोड मिळतो आणि केसांचं मोठं भोक दोन भागांत विभागून मजबुतीही येते. कुंकवाला ४ मिमी ड्रिलचं एक भोक पुरे. मंगळसूत्राचे मणी मुळातच काळे! २ मिमी भोकांची ओळ पाडा, दोन भोकांत तेवढंच लाकूड सोडा. नथीचे मोती मात्र सुटे दाखवू नका, नाकपुडीशी तुटलेली एकच काळी कमान काढा.

प्रश्न : घरात शिवणीची फळी आहे, ती चालेल का? पावसाळ्यात कागदही सुटतो. (वाचक, मालवण)

उत्तर : फळी चित्राला नको, त्याच्या भोवतीच्या फ्रेमला वापरा. सलग लाकडात तंतूंच्या रेषेला आडवे आलेले बारीक जोड कटकन तुटतात. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून त्यात जोड दोन्ही दिशांना टिकतात.

लाकडावर आधी मास्किंग टेप लावा आणि त्यावर ग्लू स्टिकने कागद चिकटवा. प्रिंट लेझरचाच घ्या, इंकजेटची शाई दमट हाताने पसरते. पातं टोकांना आडवी पिन नसलेलं, १ किंवा २/० (बारीक) नंबरचं. आतला भाग कापायला पातं भोकातून ओवावं लागतं; १.५ मिमी भोकातून हे जातं, पिनच्या पात्याला भोक बरंच मोठं लागतं. डोळे-नाक-ओठ आधी कापा, केसांची मोठी भोकं शेवटी, कारण तोवर प्लाय ताठ हवा. सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) त्याच दिवशी दोन्ही बाजूंना मारा. एकाच बाजूला मारला तर दुसरी बाजू ओल ओढते आणि चित्राला बाक येतो. मागे काळा रंगवलेला प्लायच लावा, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) आपल्या दमट हवेत कडांनी फुगतो.