मराठी माध्यमातून बेळगावात पदवीला आलेल्यांनी विद्यापीठांची मोफत व्याख्याने कुठे पाहावीत?

खानापूरच्या मराठी शाळेतून थेट इंग्रजी व्याख्यानाला बसल्यावर होणारी घुसमट मी अनुभवली आहे, म्हणून सुरुवात एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमापासून करावी असे मनापासून सुचवतो. आयआयटी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांची ही व्याख्याने विनामूल्य असून त्यांपैकी काहींचे मराठी व कन्नड भाषांतरही मिळते. शुल्क लागते ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. इतिहास, अर्थशास्त्र यांसाठी ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे संकेतस्थळ पाहावे. गणितासाठी मात्र अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या ‘ओपनकोर्सवेअर’ या मोफत संकेतस्थळावरील प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्याने निवडावीत: ते फळ्यावर खडूने एकेक पायरी मांडत जातात, त्यामुळे भाषा अडली तरी गणित अडत नाही. व्हिडिओचा वेग ०.७५ ठेवावा, इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत आणि उदाहरण वहीत स्वतः सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये.