फळीवर पांबनचा पूल

प्रश्न : रामेश्वरची यात्रा करून आल्यापासून आठवीतल्या भाच्याच्या डोक्यातून पांबनचा जुना पूल जात नाही. घरात सहा फूट लांब, सव्वा फूट रुंद फळी मोकळी आहे. तिच्यावर पूल आणि रामेश्वर स्टेशन असं छोटं चालतं मॉडेल करायचं आहे. एचओ माप घ्यावं का? बोटींसाठी उचलला जाणारा पुलाचा मधला भाग, म्हणजे उचलणारा गाळा, खरोखर उघडता येईल का? आणि समुद्रासाठी रेझिन ओतलं तर?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, मापाआधी साल ठरवा. या लाइनीवर साल बदललं की सगळंच बदलतं. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाआधी पांबनहून एक फाटा रामेश्वरला जायचा आणि दुसरा धनुष्कोडीला. तिथून बोटीनं सिलोन. त्या वादळात धनुष्कोडीची पॅसेंजर प्रवाशांसकट गेली आणि तो फाटा कायमचा संपला. पूल मात्र ४६ दिवसांत पुन्हा चालू झाला. काम ई. श्रीधरन यांच्याकडे होतं, पुढं आपली कोकण रेल्वे बांधली तेच. त्यानंतर मीटर गेज राहिलं, २००७ मध्ये ब्रॉडगेज आलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये शेजारचा नवा पूल उघडला.

मी असतो तर १९६४ नंतरचा मीटर गेजचा काळ घेतला असता. कारण साधं आहे. एचओ हे मॉडेल रेल्वेचं माप, म्हणजे खऱ्याच्या १:८७. ब्रॉडगेजच्या १६७६ मिमीला ८७ नं भागलं तर १९ मिमीच्या वर येतात, आणि बाजारातला एचओ रूळ १६.५ मिमीचा. गाडी अंगानं भरलेली आणि पाय बारीक! रुळांवर नोकरी केलेल्या माणसाला ते बघवत नाही. मीटर गेजचे येतात साडेअकरा, आणि १२ मिमीचा रूळ टीटी किंवा एचओएम या नावानं मिळतो. अर्ध्या मिलिमीटरवरून कुणी भांडत नाही. मीटर गेजचं वायडीएम-४ डिझेल इंजिन मात्र दुकानात तयार मिळेल या आशेवर राहू नका. वरचं कवच थ्रीडी प्रिंट करून घ्या आणि टीटी मापाच्या सहा आसांच्या डिझेल इंजिनाच्या सांगाड्यावर चढवा. खालच्या चाकांच्या बोग्यांमधलं अंतर तंतोतंत जुळणार नाही. जुळलं नाही तरी चालेल.

आता जागा. अख्खा पूल दोन किलोमीटरहून थोडा जास्त, म्हणजे तुमच्या मापात जवळपास २४ मीटर. तुमची फळी १८३ सेंमी. पण नेहमीचा एकेक गर्डर साधारण १२ मीटरचा, म्हणजे १४ सेंमी. असे पाच घ्या. ७० सेंमी झाले. खांब आखूड ठेवा, हा पूल पाण्यालगतचाच. म्हणून तर बोटींसाठी गाळा उचलावा लागायचा. उरलेल्या ११३ सेंमीत स्टेशन. गाडी इंजिन आणि दोन डबे, तिसऱ्याचा हट्ट नको. डबा साडेबावीस सेंमीचा, तेव्हा लूपमध्ये (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) दोन डब्यांना ५० सेंमी, दोन पॉइंटना (रूळ बदलायच्या जागांना) मिळून ३०, आणि सुटलेल्या इंजिनाला पुढं सरकायला २० ते २५. भाच्याचा खरा खेळ इथंच आहे : गाडी आली, इंजिन सुटलं, लूपमधून फिरून दुसऱ्या टोकाला लागलं, गाडी परत निघाली. पूल आणि रामेश्वर यांच्यामधलं पांबन स्टेशन आणि दहाएक किलोमीटर गिळून टाका. मध्ये वाळूचा उंचवटा आणि ताडाची झाडं उभी केली की कुणी विचारत नाही. नारळाच्या राया नकोत, ते आपलं कोकण झालं. पुलाच्या पलीकडं ७० सेंमीची सुटी पट्टी अडकवा; खेळ संपला की काढून कपाटामागं.

उचलणारा गाळा उघडता करू नका. रुळाचे सांधे रोज उघडमीट केले की महिन्याभरात केसभर सरकतात आणि गाडी नेमकी समुद्रावर घसरते. तो गाळा १:१६० मापात पुठ्ठ्याचा कापून मागच्या पडद्यावर चिकटवा. लहान असल्यामुळं दूरवर असल्यासारखा वाटेल.

पैसे खर्च करायचेच तर सावकाश चालणाऱ्या मोटरवर आणि चांगल्या कंट्रोलरवर करा. जुन्या पुलावर गाड्या रांगायच्या. ताशी १० किमी म्हणजे तुमच्या फळीवर सेकंदाला तीन सेंमीच्या थोडं वर. एक गर्डर ओलांडायला चार सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून बघा. गाडी धावली तर तो पांबन नाही.

रेझिन नको. फळीत सुईएवढं भोक असलं तरी ते शोधून खालच्या गालिच्यावर उतरतं. प्लाय घासून गुळगुळीत करा, दोन्ही बाजूंनी रंगवा (एकच बाजू रंगवली तर डोंबिवलीच्या पावसाळ्यात वाकेल), काठाला हिरवट आणि काठापासून दूर निळा असा रंग उतरवा आणि वर चकचकीत व्हार्निशचे चार-पाच पातळ हात द्या.

वाळूला पांढरी रांगोळी, चिमूटभर पिवळी माती मिसळून. पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि ड्रॉपरनं सोडायचा. रत्नागिरीहून वाळू आणण्याचा मोह होईल. आणलीत तर धुऊन, वाळवून आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. तिथल्या काळ्या कणांत लोह असतं आणि ते थेट मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.